घारीच्या पंखातली फट: किती पिसं गेली त्यापेक्षा कुठली गेली

येवल्याहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. संक्रांत झाल्यापासून घरासमोरच्या निलगिरीवर बसणाऱ्या एका घारीच्या उजव्या पंखात दोन-तीन पिसांएवढी फट दिसते. दुपारी ती इतर घारींबरोबर व्यवस्थित घिरट्या घालते. सकाळी फांदीवरून उडताना मात्र उजवीकडे कलते, जोरजोरात पंख मारते, बरीच खाली जाते आणि मग सावरते. पावसाळ्यात कावळ्यांच्या पंखांना याहून मोठ्या फटी दिसतात आणि त्यांचं काही अडत नाही. मग हिला पकडून उपचार करायचे की तसंच राहू द्यायचं? आणि दोन-तीन पिसांनी एवढा फरक पडतोच कसा?

मी पशुवैद्यक आहे आणि गेली सोळा वर्षं जखमी पक्ष्यांवर काम करते. दर जानेवारीत मांज्याने कापलेल्या घारी, कावळे, घुबडं, बगळे माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे सुरुवातीलाच सांगते, तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे. तरंगताना ठीक आणि पंख मारताना अडचण, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. पंखातल्या फटीबद्दल बहुतेक लोक "किती पिसं गेली?" एवढंच विचारतात. मी तीन गोष्टी बघते: फट पंखात कुठे आहे, एकाच बाजूला आहे की दोन्ही, आणि त्या पक्ष्याचं पोट कोणत्या प्रकारच्या उडण्यावर चालतं.

आधी पंखाची रचना बघू. घारीच्या पंखाच्या बाहेरच्या भागात, म्हणजे आपल्या हाताच्या पंजाशी जुळणाऱ्या हाडांवर, दहा लांब पिसं असतात. ती प्राथमिक पिसं. त्यांच्या आत, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावर, द्वितीयक पिसांची रांग असते. ढोबळ वाटणी अशी की आतली पिसं पक्ष्याला हवेत धरून ठेवतात आणि बाहेरची, पंख मारताना, त्याला पुढे ढकलतात. उडी मारून हवेत शिरण्याच्या क्षणी तर जवळजवळ सगळी भिस्त बाहेरच्या पिसांवर असते.

ही पिसं नुसती शेजारी शेजारी टांगलेली नसतात. प्रत्येक पिसाची कड शेजारच्यावर चढलेली असते, आणि त्या चढलेल्या भागात डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये कबुतराच्या पिसांवर हे सविस्तर दाखवलं. पंख पसरताना पिसं प्रमाणाबाहेर दूर जाऊ लागली की हे आकडे वेल्क्रोसारखे अडकतात, आणि पंख मिटताना आपोआप सुटतात. निरोगी पंखात भलतीकडे फट पडत नाही ती यामुळे. म्हणूनच मधली दोन पिसं गेली की फक्त त्या दोन पिसांएवढीच हानी होत नाही. दोन्ही बाजूंच्या पिसांचा एकेक आधार जातो, ती जोरात वाकतात, आणि खाली हाणलेल्या प्रत्येक फटक्यात फट आणखी उघडते. मिटलेल्या पंखात बोटभर दिसणारी फट उडताना चार बोटं होते ती अशी.

आता हवेकडे येऊ. उडताना पंखाखाली दाब जास्त आणि वर कमी असतो. फट मिळाली की खालची हवा तिथून वर निसटते, आणि फटीच्या जागीच नाही तर तिच्या दोन्ही बाजूंनाही दाबातला हा फरक ढासळतो. दुसरं म्हणजे, कुठल्याही पंखाच्या टोकापाशी हवा खालून वर वळते आणि तिचा भोवरा मागे सुटतो. मधे फट पडली की एका पंखाला आणखी दोन कडा फुटल्यासारखं होतं, आणि त्या कडांवरूनही भोवरे सुटू लागतात. हवेला असं गरगरवण्यात जाणारी ताकद पक्ष्याच्या स्नायूंतूनच येते. व्हान्स टकर या संशोधकांनी हॅरिस हॉक हा शिकारी पक्षी पंख्याने वारा सोडलेल्या चाचणी-बोगद्यात तरंगायला लावून १९९१ मध्ये दाखवलं होतं की पिसं गाळण्याच्या काळात त्याला होणारा हवेचा अडथळा वाढतो. पुढे १९९९ मध्ये हेडनस्ट्रॉम आणि सुनाडा या संशोधकांनी साध्या आयताकृती पंखात वेगवेगळ्या आकाराच्या आणि वेगवेगळ्या जागच्या फटी घेऊन तरंगणं आणि फडफडणं, दोन्हींचं गणित मांडलं. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते: फटीचा आकार आणि फटीची जागा हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जागेचा प्रश्न मी विद्यार्थ्यांना आकड्यांत करून दाखवते. समजा, घारीचा एक पंख साधारण ६५ सेंमी लांब आहे. उड्डाण घेताना ती सेकंदाला तीनदा पंख मारते आणि प्रत्येक वेळी पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काटकोनाएवढा फिरतो. खांद्यापासून २५ सेंमीवरचा पट्टा तेव्हा सेकंदाला सरासरी सव्वादोन-अडीच मीटरने फिरतो आणि ५० सेंमीवरचा त्याच्या दुप्पट, म्हणजे पावणेपाच मीटरच्या आसपास. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पट्ट्याची रुंदी आणि हवेशी कोन सारखे धरले, तर फांदी सोडण्याच्या क्षणी बाहेरच्या पट्ट्याचा जोर आतल्याच्या चौपट. त्यात खांद्यापासूनचं अंतरही दुप्पट, त्यामुळे तो पट्टा नसला तर शरीर एका बाजूला कलवणारा परिणाम आठपट.

तीच घार सेकंदाला १० मीटरने पुढे जात पंख मारत असेल, तर पुढे जाण्याचा वेग दोन्ही पट्ट्यांना सारखाच मिळतो. मग दोन्हींच्या जोरात फरक उरतो जेमतेम १६ टक्के. आणि तरंगत असेल तर पंख मारण्याचा वेगच नाही. फक्त अंतरामुळे येणारा दुप्पट फरक राहतो, तोही शेपूट थोडी फिरवून सहज सांभाळता येतो. आकडे ढोबळ आहेत, खरा पंख टोकाकडे निमुळता होतो आणि पिळतोही. पण दुपारी गरम हवेच्या स्तंभावर गोल फिरणारी तुमची घार आणि सकाळी फांदीवरून कोसळल्यासारखी सुटणारी तीच घार, यांच्यातलं अंतर यावरून कळेल. फट तीच आहे, फक्त तिची किंमत वेगावर ठरते.

ती पंख जोरजोरात मारते याचंही कारण हेच. उजवा पंख कमी जोर देतो म्हटल्यावर सरळ राहण्यासाठी ती चांगला डावा पंख थोडा आखडता घेते. म्हणजे तोटा एका बाजूचा असला तरी दोन्ही बाजूंचा पंख कमी वापरला जातो, आणि उरलेलं काम फटके वाढवून भरून काढावं लागतं. एकतर्फी फट दिसते त्यापेक्षा जास्त दमवते ती यामुळे.

आता कावळे. पावसाळ्यात दिसतात त्या फटी पिसं गाळण्याच्या असतात, आणि ते गाळणं फार शिस्तीत चालतं. कावळ्याचं सर्वांत आतलं प्राथमिक पीस आधी गळतं आणि मग क्रमाने बाहेरची. डाव्या-उजव्या पंखाची तीच पिसं जवळजवळ एकाच वेळी जातात. एखादं पूर्ण गळालेलं, शेजारचं अर्धं वाढलेलं, त्याच्या शेजारचं जवळपास पूर्ण, अशी पायरी असल्यामुळे फटीच्या कडा तुटक नसतात. टोकाकडच्या महत्त्वाच्या पिसांची पाळी येईपर्यंत आतली नवी पिसं कामाला लागलेली असतात.

तरीही कावळ्यांचं "काही अडत नाही" हे पूर्ण खरं नाही. ब्रिटनमध्ये १९९७ साली युरोपीय मैनांवर पिसं गाळल्यासारख्या फटी मुद्दाम करून प्रयोग झाला. त्या मैनांचा सरळ उडण्याचा वेग कमी झाला, अडथळ्यांमधून वळत जाणं बिघडलं, आणि त्यांनी स्वतःचं वजनही घटवलं. पिसं गाळणारे हमिंगबर्डही वजन उतरवतात, म्हणून कमी झालेल्या पंखांवरही त्यांना एका जागी फडफडत राहता येतं. पंख लहान झाला की ओझं कमी करायचं, हा पक्ष्यांचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. बदकांना तोही परवडत नाही. त्यांचं शरीर जड आणि पंख आखूड, थोडी पिसं गेली तरी उडणं कठीण; म्हणून आपलं हळदी-कुंकू बदक आणि बहुतेक सगळी बदकं उडण्याची पिसं एकदमच गाळून टाकतात आणि काही आठवडे पाण्यात, गवतात लपून काढतात. मांजा असा क्रम पाळत नाही. तो एकाच बाजूची, शेजारशेजारची पिसं एका क्षणात कापतो, आणि पक्ष्याला वजन जुळवून घ्यायला एक दिवसही मिळत नाही.

इथे एक गोंधळ दूर करते, कारण माझ्याकडे फोटो येतात त्यातले बरेच असे असतात. घार तरंगत असताना पंखाच्या टोकाची पाच-सहा पिसं हाताच्या बोटांसारखी सुटी दिसतात. त्या फटी निरोगी पंखाच्याच आहेत. टोकाची पिसं अर्ध्यापासून पुढे मुद्दाम अरुंद झालेली असतात, आणि प्रत्येक पीस स्वतंत्र छोट्या पंखासारखं वेगळ्या उंचीवर वाकतं. टोकाचा एक मोठा भोवरा त्यामुळे उभ्या-आडव्या जागेत विखुरला जातो. टकर यांनीच १९९३ मध्ये हॅरिस हॉकच्या टोकाच्या पिसांवर दाखवलं की ती छाटली की अडथळा वाढतो. थोडक्यात, टोकाची बोटं दोन्ही पंखांवर सारखी दिसत असतील तर काळजी नको. बोटांच्या आत, मनगटाच्या वळणापाशी किंवा त्याच्या अलीकडे एकाच पंखात आभाळ दिसत असेल तर मात्र ती जखम समजा.

तुमच्याकडे कांदा पिकतो, म्हणून एक वेगळं उदाहरण देते. कांद्यावरचे फुलकिडे तुम्ही पाहिले असतील. त्यांचा पंख भिंगाखाली बघा: मधे एक अरुंद पट्टी आणि तिच्या कडेने केसांची झालर. पंखाचा मोठा भाग म्हणजे निव्वळ फटीच, आणि तरीही ते पंख मारत शेतभर फिरतात. एवढ्या लहान शरीराला हवा पातळ वाटत नाही, मधासारखी घट्ट वाटते. हवेचा वाहण्याचा जोर आणि तिची चिकटण्याची ताकद यांचं गुणोत्तर, ज्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात, फुलकिड्यासाठी १० च्या आसपास असतं. घारीच्या पंखासाठी ते लाखाच्या घरात जातं. त्या घट्ट हवेत दोन केसांमधून फारच थोडी हवा निसटते, त्यामुळे झालर जवळजवळ सलग पडद्याचं काम करते आणि वजन मात्र पडद्यापेक्षा कितीतरी कमी. शिवाय असे बारीक कीटक दोन्ही पंख पाठीवर जुळवून मग झटकन उघडतात. सलग पंख त्या हवेत एकमेकांना चिकटून बसले असते. झालरीतून थोडी हवा आत शिरते म्हणून ते कमी ताकदीत सुटतात. म्हणून "फट वाईट" हा नियम आकार सांगितल्याशिवाय करता येत नाही. घारीच्या आकाराला तो लागू पडतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक घार मी विसरलेले नाही. डाव्या पंखाची मनगटापलीकडची तीन पिसं कापलेली, बाकी जखम किरकोळ आणि भरून आलेली. मी तिला उंच कठड्यावरून सोडून पाहिलं. ती छान तरंगत गेली, वळली, शेपूट नीट वापरत होती. मी खूश झाले आणि मोकळी केली. चौथ्या दिवशी ती तिथून दीड किलोमीटरवर जमिनीवर सापडली, वजन खूप उतरलेलं. उंचावरून सोडल्यामुळे मी फक्त तिचं तरंगणं तपासलं होतं. जमिनीवरून उठायला जे फटके लागतात, ते मी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून माझ्याकडची प्रत्येक घार सपाट जमिनीवरून, वारा नसताना, सलग पाच-सहा वेळा उठून दाखवते तेव्हाच सुटते. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही वळणं बघते. शेवटच्या उड्डाणानंतर चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर आणखी थांबते.

आता तुमच्या घारीबद्दल. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मला ती लांबून दिसत नाही. पण निर्णयाची दिशा सांगू शकते.

सर्वांत मोठा फरक पडतो तो पीस मुळापासून उपटलं गेलं की मधेच कापलं गेलं यावर. मुळापासून गेलं असेल आणि मूळ धरणारा खळगा शाबूत असेल, तर शरीर लगेच नवं पीस वाढवायला घेतं. घारीचं एक लांब प्राथमिक पीस पूर्ण व्हायला माझ्या अनुभवात दोन महिन्यांच्या आसपास लागतात. मधेच कापलं असेल तर मात्र शरीराच्या हिशोबी पीस जागेवरच आहे. नवं येणार ते पुढच्या गाळण्याच्या वेळी, म्हणजे कदाचित अनेक महिन्यांनी. कापलेला खुंट ओढून काढला की लवकर उगवेल, असं काही जण सुचवतात. कृपया तसं कुणाला करू देऊ नका. प्राथमिक पिसाचं मूळ हाडाला घट्ट धरून असतं, आणि ओढताना खळगा फाटला तर त्या जागी पुन्हा कधीच सरळ पीस येत नाही.

वाढणाऱ्या पिसालाही धोका असतो. कोवळ्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं आणि तो मऊ असतो. नेहमी दोन्ही बाजूंची जुनी पिसं त्याला सांभाळतात. शेजारची तीन एकदम गेली असतील तर नवी उघड्यावर वाढतात, फांदीला आपटून मोडतात, आणि रक्त जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

कापलेल्या पिसांवर उपाय आहे. शिकारी पक्षी पाळणाऱ्यांची ही शेकडो वर्षं जुनी कला: खुंटाच्या पोकळ दांड्यात बांबूची किंवा कार्बन फायबरची बारीक काडी बसवायची आणि तिच्यावर त्याच जातीच्या, त्याच बाजूच्या, त्याच क्रमांकाच्या पिसाचा वरचा भाग चिकटवायचा. काडी गोल नको, किंचित कोनाची हवी, नाहीतर फटक्यात पीस फिरतं. मेलेल्या घारींची पिसं आम्ही क्रमांक लावून याचसाठी जपून ठेवतो. चांगलं बसलेलं पीस पुढच्या गाळणीपर्यंत टिकतं आणि मग खुंटासकट आपोआप गळतं. अशा घारी मी दोन-तीन दिवसांतही सोडल्या आहेत. पण एक अट: जखम फक्त पिसांची हवी. खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेला ताणलेला कातडीचा पातळ पडदा मांज्याने फाटला असेल, तर पिसं कितीही छान जोडली तरी उपयोग नाही. उचलणारा जोर सर्वांत जास्त त्या पुढच्या कडेपाशीच तयार होतो.

म्हणून माझा सल्ला असा. तुमची घार रोज उडते, दुपारी तरंगते आणि खाणं मिळवते आहे असं दिसतं. अशा घारीला जाळं टाकून पकडू नका. घाबरून केलेल्या धडपडीत उरलेली पिसं मोडतात. शिवाय हे दिवस घारींच्या घरट्यांचे आहेत. त्या निलगिरीवर काड्यांचं घरटं असेल तर तिला दूर नेलं की अंडी किंवा पिल्लं धोक्यात येतील. दोन आठवडे सकाळच्या उड्डाणावर लक्ष ठेवा. फांदी सोडल्यावर किती खाली जाते, याची खूण समोरच्या भिंतीवर किंवा खिडक्यांच्या ओळीवर ठरवून घ्या. ते अंतर कमी होत गेलं तर नवं पीस वाढतंय. तसंच राहिलं तर बहुधा पिसं कापलेली आहेत, पण ती निभावते आहे. वाढत गेलं, ती दुपारीही बसून राहू लागली, पंख लोंबता दिसला किंवा ती जमिनीवर सापडली, तर मात्र थांबू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोवर तिच्यावर टॉवेल टाकून, दोन्ही पंख अंगाशी मिटवून, हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. पाणी किंवा मांस जबरदस्तीने भरवू नका. पंखात मांजा अडकलेला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापून तुकडा तसाच राहू द्या. तो किती खोल गेला आहे हे टेबलावरच कळतं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी झाडांवर तो वर्षभर लटकत राहतो. निलगिरीवर दिसत असेल तर काठीने काढून टाका, तीच घार पुन्हा त्यात अडकू शकते.

जमल्यास एक फोटो पाठवा: ती डोक्यावरून तरंगत असताना, दोन्ही पंख पूर्ण पसरलेले, अगदी खालून. टोकाकडून आत मोजत कितवं पीस नाही ते मला त्यावरून सांगता येईल. खुंट दिसला तर कापलेलं की उपटलेलं हेही कळेल.